लोखंडाला दोष देण्याआधी तुटलेलं तोंड बघा: शाफ्ट, बोल्ट, पाइप वारंवार तुटतात तेव्हा या चुका टाळा

मार्चचा दुसरा आठवडा. हरभरा निघालेला, दादर ज्वारी कापणीला आलेली, मळणी यंत्रवाल्यांना भाकरी खायला फुरसत नाही असे दिवस. अमळनेरजवळच्या आमच्या वर्कशॉपात एक आबा गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि टेबलावर आपटलं. थ्रेशरच्या ड्रमचा शाफ्ट, दोन तुकडे. त्या हंगामातला तिसरा. "लोखंडच खराब शे भो, यानामा दम नही," आबांनी निकाल देऊन टाकला.

पहिला शाफ्ट एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा होता, दुसरा त्याहून ताकदवान ईएन-८ चा, आणि हा तिसरा त्याहूनही ताकदवान ईएन-२४ चा. दर वेळी आधीच्यापेक्षा महाग. पहिला पंधरा दिवस चालला, दुसरा बारा, तिसरा आठ. म्हणजे पैसे वाढत गेले आणि दिवस कमी होत गेले. मी विचारलं, आधीचे तुकडे कुठे आहेत? उत्तर अपेक्षितच होतं. भंगारात.

पहिली चूक तिथेच होते

तुटलेला भाग हा पंचनाम्याचा मुख्य पुरावा असतो, आणि आपण तोच किलोच्या भावाने विकून टाकतो. आणखी एक खोड आपल्या सगळ्यांना आहे: दोन तुकडे हातात आले की ते एकमेकांवर जुळवून बघायचे. घासलं गेलं की तुटीच्या तोंडावरच्या बारीक खुणा पुसल्या जातात. वायर ब्रशही मारू नका. थोडं तेल लावा, फडक्यात गुंडाळा आणि उजेडात तिरपं धरून बघा.

आबांच्या शाफ्टचं तोंड असं होतं: कडेने सगळीकडून आत सरकत गेलेला गुळगुळीत, किंचित चमकणारा पट्टा. त्यावर नदीचं पाणी ओसरताना काठावर रेघा राहतात तशा वळणदार रेघा. आणि मधोमध जुन्या पावलीएवढी खरखरीत, साखरेच्या दाण्यांसारखी दिसणारी जागा. अगदी कडेला, परिघावर, बारीक पायऱ्यांसारखे दाते.

हे तोंड नीट वाचता आलं तर अर्धं निदान झालं. शाफ्ट एका झटक्यात तुटलेला नव्हता. कडेला एकाच वेळी अनेक ठिकाणी बारीक चिरा पडल्या आणि रोज थोड्या थोड्या आत सरकत गेल्या. गुळगुळीत भाग म्हणजे चिरेचा प्रवास, आणि मधला खरखरीत भाग शेवटच्या क्षणी तुटला. तो शेवटचा भाग पावलीएवढा लहान होता, याचा अर्थ एकूण भार फार नव्हताच. एवढ्याशा लोखंडाने तो शेवटपर्यंत पेलला होता! भार जास्त असता तर खरखरीत भाग मोठा दिसला असता. कडेचे दाते सांगत होते की परिघावर सगळीकडे काहीतरी टोकदार आहे, जिथून चिरा सुरू झाल्या.

आमच्याकडे जुने मिस्तरी अशा वेळी म्हणतात, "चालून चालून लोखंड दाणेदार झालं." हा गैरसमज फक्त खान्देशातला नाही. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायच्या रेल्वेला इंजिनाचा एक्सल तुटून भीषण अपघात झाला, तेव्हा तिथल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनाही हेच वाटायचं. पण लोखंड दाण्यांचंच बनलेलं असतं, पहिल्या दिवसापासून. चालून ते दाणेदार होत नाही. दाणेदार दिसतो तो फक्त शेवटी एकदम तुटलेला भाग. पुढे जर्मनीत व्होलर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअराने वर्षानुवर्षं एक्सल फिरवून दाखवून दिलं की एकदा लावला तर सहज पेलला जाणारा भार लाखो वेळा उलटसुलट लावला की पोलाद तुटतं. याला इंग्रजीतून आलेला शब्द फटीग. आपण थकवा म्हणू, पण माणसाचा थकवा रात्रभर झोपल्यावर जातो. लोखंडाचा जात नाही, तो साठत जातो.

"आठच दिवसांत कसा थकेल?"

आबांचा हा प्रश्न रास्त होता. हिशोब करून दाखवला. ड्रम मिनिटाला ७०० फेरे घेतो. मोटरचा पट्टा शाफ्टला एका बाजूला ओढतो, त्यामुळे शाफ्ट अगदी थोडा वाकलेला असतो. वाकलेल्या शाफ्टची एक बाजू ताणलेली, समोरची दाबलेली. अर्धा फेरा झाला की ताणलेली बाजू दाबली जाते आणि दाबलेली ताणली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला एक ताण-दाब. तासाला ४२,०००. दिवसाला दहा तास धरले तर ४,२०,०००. आठ दिवसांत ३३ लाखांच्या वर. दहा लाख ते एक कोटी फेरे एवढ्यात पोलादाचा काय तो निकाल लागतो. तिथवर टिकलं तर ते बहुधा टिकून जातं, नाहीतर एवढ्यातच तुटतं. बैलगाडीचं चाक जन्मभर जेवढे फेरे घेईल तेवढे थ्रेशरचा शाफ्ट एका हंगामात घेतो.

आता टोकदार काय होतं ते. शाफ्ट ५० मिलिमीटरचा, पण बेअरिंग बसवायला टोकाकडे तो ४५ केलेला. इथे दोन गोष्टी झाल्या. शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने बदलते. ५० चा ४५ केला की व्यास दहा टक्के घटला, पण ताकद २७ टक्के गेली. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आणि दुसरी, जास्त घातक गोष्ट: पायरी जिथे पडली तो कोपरा लेथवर चाकूसारख्या टोकदार टूलने काटकोनात कापलेला होता.

पांझरा नदीच्या पाण्यावर भिजणाऱ्या फडातला पाट डोळ्यासमोर आणा. सरळ पाटात पाणी शांत चालतं. मध्ये दगड टाकला की पाणी दगडाच्या कडेने दाटीवाटीने, जोरात पळतं. धातूतला ताण असाच वाहतो. रुंद पट्टीत मधोमध लहान गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेला ताण सरासरीच्या तिप्पट होतो. हे गणित १८९८ पासून मांडलेलं आहे, आणि गंमत म्हणजे भोक त्याहून बारीक केलं तरी आकडा तिप्पटच राहतो. कोपरा जितका टोकदार तितका ताण जास्त. चिरेचं टोक तर सगळ्यात टोकदार.

मग ईएन-२४ सगळ्यात आधी का तुटला? पोलाद जितकं कडक आणि ताकदवान, तितकं ते खाचेला, ओरखड्याला नाजूक. एमएस मऊ असतं, कोपऱ्यात थोडं सरकून ताण पसरवून घेतं. उंची पोलाद तसं सरकत नाही. त्यात या वेळी लेथवाल्याने फिनिशिंग "एकदम शार्प" काढून दिलं होतं. आबांनी त्याचे पन्नास रुपये जास्त दिले होते.

आम्ही काय केलं? पुन्हा ईएन-८ च घेतलं. कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई दिली, पॉलिश पेपरने टूलच्या रेघा घालवल्या. इथे एक मेख आहे: शाफ्टची गोलाई बेअरिंगच्या आतल्या कडेच्या गोलाईपेक्षा लहानच हवी, नाहीतर बेअरिंग पायरीला टेकत नाही, गोलाईवर चढून बसतं. गोलाई मोठी हवी असेल तर मध्ये कडेला उतार दिलेली रिंग टाकायची. आणि खरा चोर वेगळाच निघाला. आबांनी मोठ्या मोटरसाठी पुली बदलताना ती बेअरिंगपासून दीडशे मिलिमीटर बाहेर बसवली होती. ती साठवर आणली. वाकवणारा जोर अंतराच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो निम्म्याहूनही कमी झाला. पट्टाही वीणेच्या तारेसारखा ताणलेला होता, तो अंगठ्याने थोडा दबेल इतका सैल केला.

असेच चोर आणखी कुठे लपतात? पुली अडकवायच्या चावीच्या खाचेचा टोकदार शेवट. शाफ्टवर छिन्नीने ठोकलेला नंबर. पाइप पाना सरकून पडलेले दाते. पुली शाफ्टवर दाबून धरणाऱ्या ग्रब स्क्रूचा खड्डा. आणि वेल्डिंग सुरू करताना काडी "चालते का" बघायला शाफ्टवरच मारलेला ठिपका. हा शेवटचा प्रकार बघितला की माझं डोकं फिरतं.

शाफ्टवर भरती मारून "नवा" करणे

बेअरिंगची जागा झिजली की वेल्डिंगची भरती मारायची आणि लेथवर घासून मापात आणायचं. काम दोन तासांचं, स्वस्त, आणि दिसायला नव्यासारखं. एमएसच्या सावकाश फिरणाऱ्या शाफ्टला ते खपून जातं. ईएन-८, ईएन-९, ईएन-२४ ला नाही, निदान ज्या पद्धतीने आपण करतो तशा पद्धतीने तर नाहीच.

कारण कार्बन. एमएसमध्ये साधारण ०.२ टक्के कार्बन असतो, ईएन-८ मध्ये ०.४ च्या आसपास. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा काय करतो? लाल करून पाण्यात बुडवतो आणि धार कडक होते. कार्बन पुरेसा असला की लाल लोखंड झपाट्याने गार झालं तर काचेसारखं कडक आणि ठिसूळ बनतं. थंड, जाडजूड शाफ्टवर वेल्डिंगचा मणका ओढला की त्याच्या खालचा पातळ थर क्षणात लाल होतो आणि बाकीचा थंडगार शाफ्ट त्याची उष्णता तितक्याच क्षणात शोषून घेतो. पाण्यात न बुडवताही पाणी दिल्यासारखं झालं. पण शाफ्टच्या पोटात, नको तिथे.

त्यात पावसाळ्यात दमट झालेल्या काड्या. काडीच्या लेपातल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो आणि गार झाल्यावर त्या ठिसूळ थरात अडकून बसतो. चीर लगेच पडत नाही. काही तासांनी पडते, कधी दुसऱ्या दिवशी. वेल्डिंगवाला शपथेवर सांगतो की मी दिला तेव्हा नीट होता, आणि तो खोटं बोलत नसतो.

करायचंच असेल तर असं करा. ७०१८ सारखी लो-हायड्रोजन काडी घ्या आणि ती ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरमच वापरा. साध्या ६०१३ काडीला हा नियम लावू नका, तिचा लेप एवढ्या उष्णतेत बिघडतो. शाफ्ट आधी १५० ते २५० अंशांपर्यंत सावकाश तापवा. मोजायला तापमानाचा खडू मिळतो. तोही नसेल तर घरात भाकरीआधी तव्यावर थेंब टाकून बघतात तसं बघा: जोडापासून लांब टाकलेला पाण्याचा थेंब नुसता चर्रर्र करून वाळला तर अजून दोनशे झालेले नाहीत. मण्यासारखा नाचत पळाला तर दोनशेच्या आसपास किंवा वर गेला. काम झाल्यावर शाफ्ट कोरड्या राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर राहू द्या. पंख्याखाली ठेवू नका, आणि "चहा होईपर्यंत गार होईल" म्हणून पाणी तर मुळीच मारू नका.

इतकं करूनही जोरात फिरणाऱ्या शाफ्टला मी भरती मारून देत नाही. गिऱ्हाईक रागावून शेजारी जातं, जाऊ दे.

कमान पाट्यांचं तर नावच नको. ट्रॉलीचा तुटलेला पाटा वेल्ड करणं म्हणजे मडक्याला डिंक लावणं. त्यात कार्बन आणखी जास्त, आणि संपूर्ण ताकद कडक करून मग थोडं नरम आणण्याच्या प्रक्रियेतून आलेली. वेल्डिंगने ती प्रक्रियाच पुसली जाते. शेजारच्या चेसिसवर वेल्डिंग करताना पाट्यांवर ठिणग्या पडू नयेत म्हणून ओलं गोणपाट टाका, एवढी त्यांची इज्जत ठेवा.

चीर बुजवली, चीर गेली नाही

ट्रॉलीच्या चेसिसला चीर दिसली की वरून दोन मणके ओढून रंग मारला जातो. आत चीर तशीच. महिन्याभरात ती वेल्डिंगसकट उघडते, बहुतेक उसाने भरलेली असताना.

आधी चिरेचं खरं टोक शोधा. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे ती बरीच गेलेली असते. बाजारात तीन डब्यांचा स्प्रे मिळतो, लाल रंग आणि वर पांढरी पावडर. तो नसेल तर जुना उपाय: जागा स्वच्छ घासा, रॉकेल लावा (आता सहज मिळत नाही, डिझेल चालतं), पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू चोळा. चिरेत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट ओली रेघ उमटते. आमच्याकडे कामाला येणारी नवी पोरं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा जादू बघितल्यासारखी वाकून बसतात.

रेघेच्या टोकाच्या किंचित पुढे ड्रिलने भोक पाडा. टोकदार चिरेपेक्षा गोल भोक परवडलं, हे वर आलंच. मग ग्राइंडरने चीर पूर्ण खोलीपर्यंत खोदून काढा आणि तळापासून भरत या. वरून पट्टी लावायची तर तिची टोकं आडवी सरळ कापू नका, शंकरपाळ्यासारखी निमुळती ठेवा. सरळ कापलेली पट्टी आडवी वेल्ड केली की तिच्या टोकाला नवा कोपरा तयार होतो आणि पुढची चीर बरोब्बर तिथून निघते.

आणि भार. पाच टनांच्या ट्रॉलीत दहा टन भरून "काही होत नाही" म्हणणारे खूप आहेत. एका खेपेत खरंच काही होत नाही. पण वेल्ड केलेल्या जोडाचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात चालतं. ताण दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा. आठ वर्षं चालायची ती ट्रॉली एका वर्षात दारात येते.

"जास्त भारी लोखंड टाका म्हणजे वाकणार नाही"

ही चूक शिकलेली माणसंही करतात. शेडचा आडवा पाइप मध्ये झोळ पडतो, मग मालक म्हणतो उंची ग्रेडचं लोखंड टाका. ताकद आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद म्हणजे कायमचं वाकायला किंवा तुटायला किती जोर लागतो. ताठपणा म्हणजे तोवर किती लवतं. साध्या एमएसपासून ईएन-२४ पर्यंत सगळ्या पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो, सुमारे २०० गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक). ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे तेवढ्याच मापाचा ईएन-२४ चा रॉड तेवढ्याच भाराला तेवढाच लवणार. फरक एवढाच की भार काढल्यावर एमएसचा वाकडा राहील तिथे तो सरळ होईल.

लवणं कमी करायचं तर आकार बदला. ५० बाय १० ची पट्टी आडवी ठेवली आणि तीच पट्टी उभी ठेवली, तर उभी पट्टी पंचवीस पट ताठ असते. वजन तेच, पैसे तेच. लाकडी माळ्याच्या तुळया आपल्या वाड्यांतून उभ्याच बसवलेल्या दिसतात, त्या सुताराने गिगापास्कल ऐकलेला नव्हता.

दाबाखाली असलेल्या लांब, सडपातळ वस्तूला हा ताठपणाच वाचवतो, ताकद नव्हे. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला बांबूचा टेकू देतात. बांबू चिरडून कधी मोडत नाही, तो मध्ये बाजूला फुगतो आणि मग मोडतो. ऑयलरने अठराव्या शतकात मांडलेला हिशोब इथे लागू पडतो: लांबी दुप्पट झाली की टेकूची क्षमता चौथा हिस्सा. शेडच्या कैचीतही जे अँगल ताणात आहेत ते बारीक चालतात, पण जे दाबात आहेत त्यांना तेवढाच बारीक अँगल वापरला की मे-जूनच्या वादळात ते आधी जातात. मध्यावर एक आडवी बांधणी दिली तरी क्षमता चौपट होते. दोन फूट अँगलचं काम.

सैल बोल्ट, दमलेला बोल्ट

ट्रॉलीच्या चाकाचे बोल्ट तुटतात तेव्हा बहुतेक वेळा ते जास्त आवळल्याने नाही, कमी आवळल्याने तुटतात. नीट आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो दोन भाग आधीच इतके घट्ट दाबून धरतो की रस्त्यावरच्या धक्क्यांचा थोडाच वाटा त्याच्यापर्यंत पोचतो. सैल बोल्टला प्रत्येक खड्डा पूर्ण सोसावा लागतो, आणि मग तीच शाफ्टची गोष्ट पुन्हा घडते. नवं चाक बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा. मध्ये रंगाचा जाड थर किंवा गंजाचे पापुद्रे असतील तर ते चिरडून बसतात आणि बोल्ट आपोआप ढिला होतो.

डोक्यावरचे आकडे वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. ८.८ म्हणजे ८०० मेगापास्कल ताणाला तुटणार आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला कायमचा लांबणार. ४.६ म्हणजे ४०० आणि २४०. एकाच चाकावर चार ८.८ चे आणि एक बिनआकड्याचा, असं मिश्रण आमच्याकडे नेहमी येतं. आणि ज्या बोल्टवर नट मध्यापर्यंत हाताने फिरतो आणि मग अडतो, तो लांबलेला आहे. आटे पुन्हा पाडून वापरू नका.

ऊन आणि पाइप

याबद्दल थोडक्यात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातला पाइप त्याहून तापतो. पीव्हीसी पोलादाच्या पाच-सहा पट पसरतं. शंभर मीटरची लाइन भर दुपारी ताणून जोडली आणि पहाटेपर्यंत ती ३० अंशांनी गार झाली तर सुमारे २१ सेंटिमीटर आखडते. मग कुठला तरी सांधा निसटतो आणि दोष सोल्युशनच्या डबीला जातो. सकाळी किंवा संध्याकाळी जोडा, चारीत थोडी नागमोडी सोडा आणि बुजवा. पाइपावर छापलेला दाब २७ अंशांचा असतो, तापलेल्या पाइपाला तेवढा सोसत नाही. उघड्यावर वर्षानुवर्षं पडलेला पांढुरका झालेला पाइप दाबाच्या लाइनला लावू नका.

पोलाद कमी पसरतं म्हणून ते निवांत असतं असं नाही. भुसावळकडच्या लांब वेल्ड केलेल्या रुळाला पसरायला जागाच नसते. ३० अंश वाढले की मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात सुमारे ५५ टनांचा दाब तयार होतो, गाडी नसतानाही. शेडमध्ये दोन भिंतींत घट्ट अडकवलेला पाइप उन्हाळ्यात भिंतीलाच तडा देतो, तो याच हिशोबाने. एका टोकाला भोक लांबट ठेवा.

मुद्दाम कमजोर ठेवलेला भाग "सुधारणे"

रोटाव्हेटरला ट्रॅक्टरची ताकद देणाऱ्या पीटीओ शाफ्टवर एक शिअर बोल्ट असतो. पात्यांत दगड किंवा जाड मूळ अडकलं की तो आधी तुटावा म्हणूनच बसवलेला. कंपनीने त्याचा ग्रेड आणि जाडी मोजून ठरवलेली असते. शेतात तो दिवसातून दोनदा तुटला की माणूस वैतागतो, हे मी समजू शकतो. मग हार्डवेअरच्या दुकानातून "जरा मजबूत" बोल्ट येतो. त्यानंतर बोल्ट तुटत नाही. तुटतो गिअर, किंवा गिअरबॉक्सचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आवरण. बीड दाबाला तगडं पण ताणाला दुबळं, पिळलं की तिरपं फाटतं. शाळेतला खडू दोन्ही हातांनी पिळून बघा, पंचेचाळीस अंशांत मळसूत्रासारखा तुटतो, तसंच.

बोल्ट वारंवार तुटत असेल तर आधी तो का तुटतोय ते बघा: खोली जास्त आहे का, पाती बोथट आहेत का, क्लच झटक्यात सोडला जातोय का, भोक लंबगोल होऊन बोल्ट कात्रीत सापडतोय का.

आबांचा थ्रेशरचा शाफ्ट दोन हंगाम झाले, चालू आहे. जूनमध्ये पहिल्या पावसाआधी ते पुन्हा आले, या वेळी गोणपाटात बिडाचे तीन तुकडे. तुकडे जपून आणले होते, तेलही लावलं होतं. मी म्हटलं, आबा, तुकडे राहू द्या, बोल्ट दाखवा. त्यांनी खिशातून काढून हातावर ठेवला. डोक्यावर १२.९.